शेनतात्यांची होडी

शुक्रवारी लिनला कॅम्पवर जेवायला बोलवायचं ठरलं आणि हरिदास सोडून सगळे खूश झाले.

कतारमधल्या रास लफानच्या गॅस प्लांटवरून कामगारांच्या कॅम्पवर यायला बसला तासभर लागतो. गेले दहा महिने तो तास हरिदासच्या ताब्यात होता. प्लांटवरचा चिनी वेल्डर लिन दुपारच्या सुट्टीत तोडक्यामोडक्या हिंदीत त्याला एका जुन्या चिनी कादंबरीचं एकेक प्रकरण सांगायचा, आणि संध्याकाळी हरिदास बीडचं तिखटमीठ लावून ते बसमध्ये वाढायचा. कादंबरी लिहिणारा शेन लिनच्याच गावचा, दोनशे वर्षांपूर्वीचा. सरकारी परीक्षेत तीनदा नापास झाला, शिकवण्या घेत पेजेवर जगला, कागदासाठी अंगावरची रजई विकली. बसने त्याला केव्हाच शेनतात्या करून टाकलं होतं. तात्यांचं प्रत्येक प्रकरण ऐन पेचात तुटायचं. त्यामुळे गाडी चालवणारा रत्नागिरीचा सैफसुद्धा कॅम्पचं गेट दिसलं की मुद्दाम हळू घ्यायचा.

पण नायिका नदीकाठी होडीची वाट बघत उभी होती, आणि लिनची दुसऱ्या प्लांटवर बदली झाली. फोन केला तर 'नंतर सांगतो' म्हणून ठेवून द्यायचा. इकडे बस काही ऐकेना. शेवटी हरिदासने होडी स्वतःच्याच मनाने आणली.

त्यालाही तीन महिने झाले. होडीतून उतरून बाईने खानावळ काढली, दिराला कोर्टात खेचलं, परवा तर बाजरीच्या भाकरी थापल्या. कुणाला शंका आली नाही. आणि आता सगळ्यांना शेवट लिनच्याच तोंडून ऐकायचा होता.

बारा वर्षं हरिदास परांच्या बांधत होता. त्याला मास्तर म्हणायला लागले ते या गोष्टीमुळे. ती हाक बंद झाली असती तर त्याला फार लागलं असतं. शिवाय आपल्याच माणसांना फसवल्याची लाज होतीच.

लिन आला. नाक पुसत पुसत त्याने मटणाचा रस्सा ओरपला. हरिदासच्या खोलीतल्या सचिनने सतरंजी अंथरली.

"यल्ला, चला मास्तर, पाव्हण्याला बोलवा," सचिन म्हणाला.

लिन बाहेर नळावर हात धूत होता. हरिदासने त्याला तिथेच गाठलं आणि होडीपासूनचं सगळं आपल्या मनचं असल्याचं एका दमात कबूल केलं.

"त्यांना सांगू नको," तो म्हणाला. "सांगायचंच असेल तर मी इथून गेल्यावर सांग."

लिनने नळ बंद केला.

"पुस्तक होडीपाशीच संपतं," तो म्हणाला. "तिथवर लिहून शेन वारला. दोनशे वर्षं आमचं गाव त्या नदीकाठी अडकलं होतं. सैफची दुसरी फेरी माझ्या प्लांटवरून असते. तुझं रोजचं तो मला सांगतो, मी फोनवर आईला, आणि आई सगळ्या गावाला. पण सैफ फार घाईत सांगतो, म्हणून आज मीच ऐकायला आलो. बोल मास्तर, पुढे काय झालं?"