कपारीतला दगड

"हलू नका," चिंतामण पुटपुटला. मागे उभी असलेली मळ्यातली कुसाबाई हललीच नव्हती. त्याने कॅमेरा डोळ्याला लावला.

समोर विहिरीच्या भिंतीत, काठापासून पुरुषभर खाली, एक कपार होती. चोचीत उंदीर धरून घुबडाची मादी आली आणि आतल्या पिल्लांनी एकच गर्दी केली. विहिरीचा मावळतीकडचा काठ ढासळलेला होता. तिथून शिरलेलं ऊन नेमकं कपारीत पडलं. चिंतामणने लागोपाठ तीन फोटो काढले. तेवढ्यात ऊन सरकलं आणि कपार पुन्हा काळी झाली.

चार दिवस रोज संध्याकाळी तो मखमलाबादच्या रस्त्याने सायकल हाणत या मळ्यात येत होता. पोटापाण्यासाठी पंचवटीतल्या एका स्टुडिओत तो रिटचिंग करायचा. मुलींच्या गालावरचे देवीचे वण बारीक ब्रशने बुजवायचे, नवरदेवाला कपाळावर चार केस जास्तीचे द्यायचे. अर्ध्या नाशिकची लग्नं मीच जुळवली, असं तो ऐटीत सांगे. पण आयुष्यात एक तरी फोटो ब्रश न लावता काढावा, असं त्याच्या मनात फार होतं. म्हणून हा घुबडांचा नाद.

"आलं का त्यात?" कुसाबाईने विचारलं.

"पिल्लं? आली असणार."

"पिल्लं नाय, भाऊ. दगड."

मग तिने सगळं सांगितलं. दिवाळीच्या आधी हे घुबड घरावर येऊन बसलं. त्याला हाकलायला नवराबायकोने एकदमच दगड भिरकावले. त्यातला एक लागला. घुबडाला मारलेला दगड ते घरट्यात नेतं, रोज चोचीने घासतं आणि दगड झिजेल तसा मारणारा झिजत जातो, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"माझा गेला वाया. ह्यांचा लागला," कुसाबाई म्हणाली. "तवापासून ह्यांचं जेवान तुटलंय. डागदर म्हनतो, रोग काय बी नाय. मंग मानूस झिजतंय कशानं?"

विहिरीचं बांधकाम पोकळ झालेलं. खाली उतरून बघायला कोणी धजत नव्हतं. म्हणून तर चिंतामणच्या लांब भिंगावर तिची सगळी भिस्त होती.

ओट्यावर तिचा नवरा भिका बसला होता. नुसता हाडांचा सापळा. कुसाबाईने ताट पुढे केलं तर म्हणाला, "आधी तू खा." ती खात होती तोवर एकटक तिच्याकडे बघत राहिला आणि स्वतः दोन घासांत उठला. चिंतामणला फार वाईट वाटलं. परवा फोटो घेऊन येतो, असं त्याने कबूल केलं. कपारीत दगड नसणार आणि ते फोटोच सांगेल, याची त्याला खात्री होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोटो धुऊन निघाले, त्यातला एक लख्ख आला होता. असा फोटो त्याच्या हातून कधी उतरला नव्हता. तीन पिल्लं, आईचे पसरलेले पंख, पिसन् पीस मोजून घ्यावं. आणि पिल्लांच्या मागे एक न फुटलेलं अंडं. ते अंडं आहे हे चिंतामणला कळत होतं. पण काळ्यापांढऱ्या कागदावर तो गोदावरीतला गोटा आहे, असं कोणीही शपथेवर सांगितलं असतं. भिकाने तर नक्कीच.

तो बराच वेळ फोटोकडे बघत बसला. मग त्याने ब्रश ओला केला आणि अंडं सावलीत बुजवून टाकलं. फोटो वाळल्यावर त्याने तो वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवला.

ठरल्या दिवशी भिकाने तो फोटो दारातल्या उजेडात धरला. कपारीभर बोट फिरवलं.

"ह्ये एक पिल्लू. ह्ये दुसरं. ह्ये तिसरं." बोट थांबलं. "दगड नाय."

"नाही."

"खरं?"

"कॅमेऱ्यात असतं तेच येतं, भिकाभाऊ," चिंतामण म्हणाला. इतकं सफाईदार खोटं तो पहिल्यांदाच बोलत होता.

भिकाने धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. "कुसे, भाकरी टाक. दोघांच्या टाक."

कुसाबाई जवळजवळ धावतच आत गेली. लगेच भाकरी थापल्याचा आवाज येऊ लागला.

"आता बिनघोर राहा," चिंतामण म्हणाला. "तुम्हाला काही होत नाही."

भिकाने एकदा चुलीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"मला कुठं काय व्हनार व्हतं, भाऊ? लागला त्यो हिचा दगड. हिनं भिऊ नये म्हनून म्या माझा म्हनलं."