टाकीतला गाळ

मामाने डबा टेबलावर ठेवला तेव्हाच तो रिकामा वाजला.

"आज गाळ नाही," म्हणत तो प्रयोगशाळेतल्या एकुलत्या एका धड स्टुलावर टेकला. तेलाच्या कारखान्यात टाक्यांच्या तळाचा गाळ खरवडायचा, हे त्याचं काम. आत्ताही तो रात्रपाळी करून थेट इथेच आला होता. "साहेबलोक पाहणीला येणार म्हणून टाकी धुऊन घेतली आमच्याकडून. इतकी चकाचक, की तिच्यात बघून भांग पाडावा."

"आणि गाळ?"

"जाळला. वीस वर्षं त्या घाणीला कुणी विचारलं नाही. तुला हवी झाली आणि तिला पाय फुटले."

भाचीला हसूसुद्धा आलं नाही. तो गाळ भाजून केलेली काळी पूड तिच्या पांढऱ्या पुडीत मिसळली, की दिव्याच्या उजेडात रंगाच्या कारखान्याचं निळं पाणी तासाभरात निवळायचं. नुसत्या पांढरीला अख्खा दिवस पुरत नसे. दोनदा जमलं होतं. तिसऱ्यांदा जमलं तरच सर तिच्या प्रबंधावर सही करणार होते. आणि आज पाचला दिवा दुसऱ्या विभागात जाणार होता. मग तिची दोन वर्षं कपाटात.

"किती लागतो?"

"दोन चमचे. पण त्याच टाकीतला."

मामाने पिशवीतून जुने हातमोजे काढले. "काल नवे दिले. पण हे टाकवेनात." मोज्यांच्या दुमडींत गाळ थरावर थर बसून खपलीसारखा वाळला होता. "तुझी मामी हे उंबऱ्याच्या आत येऊ देत नाही."

"मग तिला सांगू नकोस, मी ते तराजूत ठेवले म्हणून."

दोघं खरवडत बसली. मग भट्टी, खलबत्ता, चाळणी. पावणेचारला एकदाचा दिवा लागला.

"निळं गेलं की उठव," मामा म्हणाला, आणि भिंतीला टेकतो न टेकतो तोच घोरायला लागला.

ती बघत राहिली. डोळे चुरचुरत होते. पाणी फिकं होतंय की आपल्यालाच फिकं दिसतंय, काही कळेना. तासाभराने तिने पाणी गाळून काचेच्या भांड्यात घेतलं. आरपार दिसतंय का बघायला एखादा छापील कागद हवा होता. टेबलावरचे सगळे गाळाने माखलेले.

मामाचा हात मांडीवर उताणा पडला होता. तिने भांडं त्याच्यासमोर धरलं.

पाण्यातून तळव्याची रेघ न् रेघ दिसली, होती त्याहून जरा मोठी. सगळ्या काळ्या.