खंडेनवमीचं मशीन

विश्रामने पुन्हा दोरी खेचली. ग्रामपंचायतीचं झाडं कापायचं मशीन एकदा खोकलं आणि गप्प झालं. वादळाने रस्त्यावर फणस आडवा पाडला होता. अलीकडे जीपमध्ये अनसूयाकाकींची सून बाळंतकळांनी तळमळत होती आणि काकी तिचं डोकं मांडीवर घेऊन नाम घेत होत्या.

"मशीन आहे की शोभेची बाहुली?" जीपवाला खेकसला.

विश्रामने प्लग काढला. तो कोरडा ठणठणीत होता. पेट्रोल वर येतच नव्हतं. कार्बुरेटर उघडला, तर जुनं पेट्रोल आत डिंकासारखं घट्ट बसलेलं.

"अरे, महिन्यातून एकदा तरी चालू करायचं ना!" जीपवाला म्हणाला.

"करायचो की. पंचायतीत जागा नाही, म्हणून देवळातच असतं ते." विश्रामने मान खाली घातली. "पण काकी म्हणाल्या, पोथी चालते, धूर नको, आवाज नको."

काकींच्या ओठांवरचं नाम थांबलं. खंडेनवमीला त्यांनीच लावलेलं कुंकू मशीनवर अजून लाल होतं.

कुऱ्हाडींनी वाट मोकळी झाली, तोवर बाळ जीपमध्येच जन्मलं होतं. ते रडलंच नाही.

पुढच्या खंडेनवमीला देवळात मशीन पाटावर मांडलेलं होतं. काकींनी पूजेचं ताट बाजूला ठेवलं.

"विश्राम, आधी ते सुरू कर."

"इथं? काकी, देवाला धूर लागेल."

"लागू दे."

पहिल्याच हिसक्याला मशीन धडधडलं. निळा धूर गाभाऱ्यात शिरला, आणि काकी हात जोडायचं विसरून तो आवाज ऐकत राहिल्या.