फटफटीचं दुखणं

कागदाचा कपटा दोन बोटांत धरून काकूंनी श्वास रोखला आणि फटफटीच्या पॉइंटांमधल्या फटीत अलगद सरकवला. आता किक मारून मारून पाय गळ्यात आला तरी ठिणगी पडायची नाही. झाकणाचे दोन स्क्रू आवळले, हात फडक्याला पुसले आणि त्या चहाचं आधण ठेवायला आत गेल्या.

काका घोरत होते. दोन ते तीन. घड्याळ लावून घ्यावं असं घोरणं.

लेक लग्न होऊन लांब गेली, त्याच वर्षी काका निवृत्त झाले आणि भिंतीकडे बघत बसायला लागले. बोलणं नाही, चिडणंसुद्धा नाही. खरं तर तेव्हा काकूंनाही अंथरुणातून उठावंसं वाटत नव्हतं. पण घरात एकानं तरी उभं राहायला हवं.

मग एक दिवस काकांनी भंगारवाल्याकडून ही शिंगरासारखी लहानखुरी फटफटी ढकलत आणली, आणि माणूस माणसात आला. हात काळे, तोंड चालू. "अगं, हे बघ, इथं ठिणगी पडते. ही फट बुजली की खेळ खलास!" कुणी विचारलंय का? तरी सांगायचे.

वर्षभरानं फटफटी डुगडुगली. पाळण्याच्या लयीत, निळा धूर सोडत. काकूंना त्यांचे वडील आठवले. अशीच फटफटी, टाकीवर बसलेली दोन वेण्यांची पोर आणि पोटात गुदगुल्या करणारी इंजिनाची थरथर. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यांनी काकांना हे सांगितलं होतं. त्यांच्या काय लक्षात असणार!

"झालं बाई काम," काका म्हणाले. "आता काय करायचं?" आणि नजर पुन्हा भिंतीकडे.

त्याच दुपारी काकूंनी पहिल्यांदा स्क्रू ड्रायव्हर उचलला.

तेव्हापासून दर आठवड्याला नवं दुखणं. कधी नळीत कापूस, कधी वायर ढिली. काका खुशीत कपाळावर हात मारायचे. "या म्हातारीची नाटकं काही संपत नाहीत!"

"कुठल्या म्हातारीची?"

"फटफटीच्या गं."

आज मात्र चहाचा कप हातात घेत काका म्हणाले, "दाराशी उस्ताद आलाय बघ. म्हटलं, जरा बघून जा."

काका कप घेऊनच बाहेर गेले. उस्तादानं चाळीस वर्षं गॅरेज चालवलेलं. दुखणं त्याला चुटकीसरशी सापडणार, फटफटी कायमची बरी होणार, आणि मग पुन्हा ती भिंत. त्या स्वयंपाकघराच्या खिडकीला कान लावून उभ्या राहिल्या.

स्क्रू निघाल्याचा आवाज आला. मग उस्तादाचं हसू.

"अरे, कागद आहे इथं! 'साबण दोन' असं लिहिलंय. हे तर वहिनींचं अक्षर—"

"हळू बोल. ठेव तो होता तिथंच."

"म्हणजे तुला ठाऊक आहे?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलत का नाहीस, लेका?"

काकांनी झाकण पुन्हा जागेवर बसवलं.

"पोरगी गेली आणि ही आतून विझली रे. जेवेना, बोलेना. काही केल्या उठेना. शेवटी म्हटलं, आपणच खचल्याचं सोंग घेऊ. मला सावरायला तरी उठेल."