खिडकी लावून घ्या

कोथरूडच्या एका सोसायटीत यज्ञेश्वरकाका संध्याकाळचा चहा झाला की गॅलरीत येऊन सिगारेट पेटवायचे, आणि धूर सरळ वर, चैतालीच्या बेडरूममध्ये. तिच्या तीन वर्षांच्या आयुषला दमा. खाली काडी ओढली की वर पोराची छाती घरघरायला लागलीच म्हणून समजा.

शेवटी ती तडक खाली गेली. "काका, पोराला श्वास घेता येत नाही हो. घरात बसून ओढा ना!"

"घरात? घरात नातू आहे माझा! त्याला धूर सोसत नाही," काका उखडले. "आणि गॅलरी माझी आहे. एवढा त्रास होतोय तर खिडकी लावून घ्या."

दुसऱ्या दिवशी काकांनी गॅलरीत सिगारेट पेटवली आणि दारावरची बेल वाजली. सुनेने दार उघडलं. आयुषला कडेवर घेऊन चैताली सरळ आत आली. तिने गॅलरीचं काचेचं दार लावलं आणि सोफ्यावर मस्त मांडी ठोकली. काका काचेपलीकडून बघतच राहिले.



"चालू द्या काका, निवांत! रोज तुमची सिगारेट संपेपर्यंत आम्ही इथेच बसणार. पोरांना धूर न लागणारं घर अख्ख्या बिल्डिंगमध्ये हे एकच आहे."