एकच गेम

"एक गेम दे तिला," वीब्रेन म्हणाला. "एकच. तुझं काय जातंय?"

सित्स्केनं हातातला ऑरान्येकूक केकचा तुकडा, गुलाबी साखर थापलेला, तसाच बशीत ठेवला. वीब्रेन गावच्या टेनिस क्लबचा अध्यक्ष. बाहेर लाल मातीच्या कोर्टाभोवती अख्खं गाव खुर्च्या टाकून बसलं होतं, लीवार्डनहून टीव्हीवाले आले होते, आणि फायनल आता सुरू व्हायची होती.

"काय म्हणालास? परत बोल."

"चिडतेस कशाला! नाइन्के सतरा वर्षांची पोर आहे. अपघाताला दोन वर्षंसुद्धा झाली नाहीत. गावासमोर सहा-शून्य, सहा-शून्य मार खाल्ला तर खचून जाईल गं. आणि तू आठ वर्षांत एक मॅच हरली नाहीस. लोकांना कंटाळा आलाय तुझ्या जिंकण्याचा, खरं सांगतो."

खरं सांगतो म्हणे! या फ्रीसलंडच्या लोकांना खरं तोंडावर फेकायची भारी हौस.

"पायांवर खेळणाऱ्यांना सांगतोस कधी, एक गेम सोड म्हणून?" सित्स्के भडकली. "ते जिंकत राहिले की महान, आणि मी जिंकत राहिले की कंटाळा! मला कुणी काही दान दिलेलं नाही, वीब्रेन. हो बाजूला."

तिनं आपली चाकांची खुर्ची अशी गर्रकन वळवली, की वीब्रेनला पाय मागे घ्यावा लागला.

पहिला सेट तिनं रागाच्या भरातच उरकला. सहा-शून्य. नाइन्के वाईट खेळत नव्हती, पोरीच्या मनगटात जोर होता. पण चेंडू पडायच्या आधी सित्स्के तिथे हजर. व्हीलचेअरच्या टेनिसमध्ये चेंडूचे दोन टप्पे माफ असतात. सित्स्केला दुसरा टप्पा क्वचितच लागायचा. आपल्या टेनिस शिबिरात ती पोरींना घसा फोडून सांगायची, फटका मारून झाला तरी खुर्ची फिरती ठेवा, चाक थांबलं की मेलात म्हणून समजा. गेल्या उन्हाळ्यात नाइन्केही त्या शिबिरात होती.

दुसऱ्या सेटमध्ये पाच-शून्य झालं आणि लोकांनी तो घाणेरडा प्रकार सुरू केला. नाइन्केनं पॉइंट गमावला तरी टाळ्या! "शाब्बास राणी! किती धीराची आमची पोर!" रांगतं मूल धडपडल्यावर वाजवतात ना, तसल्या टाळ्या. सित्स्केच्या अंगाचा तिळपापड झाला. ती स्वतः हॉस्पिटलातून घरी आली होती, तेव्हाही यांनी अशाच वाजवल्या होत्या. तिनं रागानं लोकांकडे पाहिलं, तर पहिल्याच रांगेत नाइन्केची आई. दोन्ही हातांत तोंड लपवून बसलेली.

आणखी एक पॉइंट मिळाला, की हा गेम नाइन्केचा होणार होता. तिनं चेंडू उंच उडवला, सित्स्केच्या डोक्यावरून मागे. सित्स्केला डोळे मिटून घेता आला असता असा चेंडू. तिचा हात चाकावर गेला आणि तिथेच राहिला. क्षणभरच. मग ती वळली, सुटली, रॅकेट लांबवली. तोवर तिसरा टप्पा पडून गेला होता. पाच-एक.

गाव उठून उभं राहिलं. शिट्ट्या काय, आरोळ्या काय! वीब्रेननं तर लांबून अंगठा वर करून दाखवला. सित्स्केनं त्याच्याकडे पाठ फिरवली. पुढचा गेम तिनं चार सर्व्हिसमध्ये संपवला.

मॅच संपल्यावर ती जाळीपाशी हात पुढे करून थांबली. नाइन्केनं हात दिला नाही. तिचे डोळे लालबुंद झाले होते.

"थांबलीस तू," ती म्हणाली. "चाक थांबवलंस."

"दमले होते गं."

"खोटं नको बोलूस! तू दमतेस होय? शाळेत बाई फुकटचे मार्क देतात. मावशी आली की गळ्यात पडून रडते. बेकरीवाला पैसे घेत नाही माझ्याकडून. सगळे मला देतच असतात. म्हटलं, तू तरी देणार नाहीस. तू तरी मला हाणशील."

सित्स्केनं पुढे केलेला हात मागे घेतला.

नाइन्के तडक कोर्टाच्या कडेला गेली. तिथल्या फलकावरचे आकडे हातानं पलटायचे असतात. तिनं आपल्या नावापुढचा एकचा आकडा पलटला आणि शून्य केला. टाळ्या थांबल्या.

"अगं ए, हे काय चालवलंयस?" वीब्रेन धापा टाकत आला. "टीव्हीवाले बघतायत!" आणि त्यानं फलकाकडे हात नेला.

"खबरदार हात लावलास तर!" सित्स्के ओरडली.

नाइन्केनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"तू मध्ये पडू नकोस," ती म्हणाली. "तुझं देऊन झालंय."