राखणदार

खालून माशासारखा वास यायला लागल्यापासून सून नवऱ्याजवळ बसेनाशी झाली होती. सिनेमालाही मध्ये एक खुर्ची सोडायची. रोज सुगंधी साबणाने आतपर्यंत धुवायची, तरी वास हटेना. शेवटी सासूबाईंनीच तिला दवाखान्यात ओढून नेलं. डॉक्टरीणबाईंनी स्राव काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. “अगं, ही घाण नव्हे. आतले राखणदार जंतू कमी झाले, म्हणून दुसरे माजलेत. साबणाने तू उरलेसुरले राखणदारही हाकललेस! गोळ्या पूर्ण घे, आतून धुणं बंद.” “म्हणजे मी अस्वच्छ नाही?” सुनेने विचारलं. “उलट, जास्तच स्वच्छ!” रडवेली सून खुदकन हसली. सासूबाई मात्र चपला काढून स्वतःच तपासणीच्या टेबलावर चढल्या. “सूनबाई, जरा बाहेर जाऊन बस,” त्या म्हणाल्या, “तुझ्या सासऱ्यांना मी इतकी वर्षं उगाचच दुसऱ्या खोलीत झोपवलं गं!”